प्रकाशाच्या वेगाजवळ पोचलेल्या वस्तूचं कृष्णविवर होतं का? हिशेब स्वतः करून पाहा

वेग वाढला की वस्तुमान वाढतं. प्रकाशाच्या वेगाजवळ ते अनंताकडे जातं. पुरेसं वस्तुमान पुरेशा छोट्या जागेत कोंबलं की कृष्णविवर तयार होतं. मग एखादा दगड प्रचंड वेगानं भिरकावला, तर एका क्षणी त्याचं कृष्णविवर व्हायला हवं की नाही?

सापेक्षतेची नुकतीच ओळख झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही शंका येते, आणि ती अजिबात बाळबोध नाही. उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' ऐकून कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. म्हणून इथे उत्तरापर्यंत पायरी-पायरीनं जाऊ. वर्गमूळाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर आणि एक कागद एवढं पुरेल. गणित दहावीपलीकडचं नाही.

पायरी १ : गॅमा काढायला शिका

विशेष सापेक्षतेतल्या बहुतेक हिशेबांची किल्ली म्हणजे गॅमा नावाची एक संख्या. ती काढायची रीत अशी:

१. वस्तूच्या वेगाला प्रकाशाच्या वेगानं (सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर) भागा.
२. आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि तो १ मधून वजा करा.
३. उरलेल्याचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्यानं भागा.

वेग प्रकाशाच्या १० टक्के असेल तर गॅमा येतो १.००५, म्हणजे फरक जवळपास नाहीच. ५० टक्क्यांना १.१५, ८६.६ टक्क्यांना बरोबर २, ९९ टक्क्यांना ७.०९, ९९.९ टक्क्यांना २२.४ आणि ९९.९९ टक्क्यांना ७०.७. हे आकडे स्वतः काढून पाहा. शेवटच्या टप्प्यात वेग नावापुरता वाढतो आणि गॅमा मात्र सुसाट सुटतो, हे हातानं केल्याशिवाय मनात उतरत नाही.

माणसानं बनवलेलं सर्वांत वेगवान यान म्हणजे 'पार्कर सोलर प्रोब'. डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर होता. त्याचा गॅमा १.००००००२ च्या आसपास येतो. म्हणजे यानांच्या दुनियेत या प्रश्नाला जागाच नाही. खरा गॅमा पाहायचा तर सूक्ष्म कणांकडे जावं लागतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या २७ किलोमीटर घेराच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनना ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (सूक्ष्म कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा दिली जाते. त्यांचा गॅमा सुमारे ७,२५० आहे. प्रकाशाच्या तुलनेत ते फक्त सेकंदाला तीनेक मीटरनं मागे असतात.

पायरी २ : 'जड होतं' म्हणजे नेमकं काय होतं, ते तपासा

जुन्या पाठ्यपुस्तकांत सापेक्षीय वस्तुमान भेटतं: स्थिर वस्तुमान (वस्तू थांबलेली असतानाचं) गुणिले गॅमा. १ किलोचा दगड ९९ टक्के प्रकाशवेगानं निघाला की त्याचं सापेक्षीय वस्तुमान ७ किलोच्या थोडं वर. या कल्पनेला इतिहास आहे. १९०१ पासून वॉल्टर काउफमान रेडियममधून निघणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांवर प्रयोग करत होते, आणि इलेक्ट्रॉन जितका वेगवान तितका तो वळवायला अवघड, असं त्यांना दिसत होतं. म्हणजे जडत्व वाढल्यासारखं दिसतं, यात खोटं काही नाही.

अडचण पुढे येते. धावत्या कणाला बाजूनं ढकललं तर त्याचं जडत्व गॅमापट भासतं. त्याच कणाला तो धावतोय त्याच दिशेनं ढकललं तर ते गॅमाच्या घनाइतक्या पटीनं वाढलेलं भासतं. गॅमा १० असेल तर एकीकडे १० पट आणि दुसरीकडे १,००० पट! लॉरेंट्झ यांना म्हणूनच आडवं वस्तुमान आणि उभं वस्तुमान अशी दोन वेगळी वस्तुमानं मांडावी लागली होती. कुठून ढकललं त्यावर जे बदलतं, त्याला वस्तूचा स्वतःचा गुण कसं म्हणायचं?

आइन्स्टाइन यांनी १९४८ साली लिंकन बार्नेट यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सल्ला दिला होता, की धावत्या वस्तूचं वेगळं वस्तुमान मानण्यापेक्षा स्थिर वस्तुमान हेच एक वस्तुमान ठेवावं आणि धावत्या वस्तूच्या ऊर्जेबद्दल व संवेगाबद्दल बोलावं. आजचे कणभौतिकीवाले तेच करतात. तुम्हीही वहीत एक सवय लावून घ्या: 'वस्तुमान' लिहिलं की ते स्थिर वस्तुमान, आणि ते वेगानं बदलत नाही. वाढते ती ऊर्जा. एमआयटीत विल्यम बर्टोझी यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इलेक्ट्रॉनांना १५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा देत नेली. ऊर्जा वाढत गेली, पण वेग प्रकाशवेगाला टेकून जागच्या जागी राहिला. इलेक्ट्रॉन फुगला नाही की दाट झाला नाही. तो इलेक्ट्रॉनच राहिला.

पायरी ३ : कृष्णविवराची त्रिज्या काढा

१९१५ च्या अखेरीस, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात असताना, कार्ल श्वार्ट्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या नव्या समीकरणांचं पहिलं अचूक उत्तर शोधलं. मे १९१६ मध्ये ते आजारपणानं वारले. त्यांच्या उत्तरातून एक लांबी निघते: गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान गुणिले २, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. एखादं वस्तुमान या त्रिज्येच्या आत मावलं तर त्यातून प्रकाशही सुटत नाही.

स्थिरांक पाठ करत बसू नका. सोपी रीत लक्षात ठेवा: सूर्याइतक्या वस्तुमानाला जवळजवळ ३ किलोमीटर, पृथ्वीइतक्या वस्तुमानाला जवळजवळ ९ मिलिमीटर. बाकी सगळं सरळ प्रमाणात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४३ लाख सूर्यांचं वस्तुमान असलेलं विवर आहे, तेव्हा त्याची त्रिज्या सुमारे १ कोटी २७ लाख किलोमीटर.

एक अट मात्र ठळक लिहून ठेवा, कारण पुढची सगळी गंमत तिच्यावर आहे. श्वार्ट्झशिल्ड यांचं उत्तर स्थिर गोलासाठी आहे. जो पाहणारा आहे त्याच्या दृष्टीनं तो गोल जागच्या जागी असायला हवा.

पायरी ४ : आता मुद्दाम चुकीचा हिशेब करा

दोन्ही सूत्रं जोडू आणि काय होतं ते पाहू. दगडाऐवजी खरंखुरं उदाहरण घेऊ.

१५ ऑक्टोबर १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या युटा राज्यात 'फ्लाइज आय' नावाच्या वेधयंत्रणेला अवकाशातून आलेल्या एका कणाची नोंद मिळाली. त्याची ऊर्जा ३२ कोटी टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट निघाली. एकट्या कणात सुमारे ५० ज्यूल! शास्त्रज्ञांनी त्याला 'ओ माय गॉड कण' असंच नाव दिलं. तो प्रोटॉन होता असं धरलं तर त्याचा गॅमा सुमारे ३४,००० कोटी येतो.

आता बाजू उलटी करा. वेग सापेक्ष आहे. प्रोटॉन म्हणणार, 'मी इथेच आहे, ही पृथ्वी माझ्याकडे धावत येतेय.' त्याच्या दृष्टीनं पृथ्वीचा गॅमा ३४,००० कोटी. मग पृथ्वीचं सापेक्षीय वस्तुमान? ३४,००० कोटी पृथ्व्यांइतकं, म्हणजे जवळजवळ १० लाख सूर्यांइतकं. त्या वस्तुमानाची श्वार्ट्झशिल्ड त्रिज्या काढा: सुमारे ३० लाख किलोमीटर. पृथ्वीची स्वतःची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. शिवाय लांबीच्या आकुंचनामुळे त्या प्रोटॉनला पृथ्वी धावण्याच्या दिशेनं चपटी झालेली, जेमतेम ०.०४ मिलिमीटर जाडीची दिसते.

सापेक्षीय वस्तुमान घालून केलेल्या हिशेबाप्रमाणे पृथ्वीचं कृष्णविवर केव्हाच व्हायला हवं होतं, तेही थोड्याथोडक्या फरकानं नव्हे. आणि असे कण पृथ्वीवर अधूनमधून येतच असतात. २७ मे २०२१ रोजी युटामध्येच 'टेलिस्कोप ॲरे' या यंत्रणेनं २४ कोटी टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा कण नोंदवला, त्याला जपानी सूर्यदेवतेवरून 'अमातेरासू' म्हणतात. त्याही दिवशी पृथ्वी गिळली गेली नाही.

कृष्णविवर आहे की नाही, हे पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून नसतं. एखादा प्रकाशकिरण बाहेर सुटला की सुटला. तुम्ही कितीही वेगानं शेजारून गेलात तरी तो सुटलेलाच असतो. पृथ्वीवरून प्रकाश सुटतो हे तुम्हाला दिसतं, तर धावत्या प्रोटॉनलाही तेच मान्य करावं लागतं. मग सरळ निष्कर्ष निघतो: एखाद्या वस्तूचं कृष्णविवर झालंय का हे ठरवायचं तर ती वस्तू जिथे स्थिर आहे, त्या चौकटीत, म्हणजे तिच्याबरोबर असलेल्या निरीक्षकाच्या दृष्टीनं, हिशेब करा. तिथे गॅमा १ असतो आणि पृथ्वीची श्वार्ट्झशिल्ड त्रिज्या पुन्हा ९ मिलिमीटर.

उत्तर खरं तर इथेच मिळालं. पण 'सूत्रात वस्तुमान घातलं तर चुकलं कुठे?' ही रुखरुख राहते. ती काढायलाच हवी.

पायरी ५ : चूक कुठे झाली ते पकडा

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात ओढ निर्माण करणारी एकच गोष्ट आहे, वस्तुमान. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेत तसं नाही. तिथे ऊर्जा, संवेग, दाब आणि ताण या सगळ्यांचा मिळून १० घटकांचा एक तक्ता असतो, आणि अवकाश कसं वाकणार हे तो पूर्ण तक्ता ठरवतो. वस्तू धावायला लागली की तक्त्यात ऊर्जा वाढते हे खरं, पण त्याच वेळी संवेगाचे घटकही उगवतात. त्यांचा हिशेबातला वाटा वेगळा असतो. आपण एक रकाना वाढवला आणि बाकीचे कोरे ठेवले, तिथे फसलो.

याची प्रचिती देणारा एक विचारप्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात समीकरण लागतच नाही. अवकाशात दोन दगड शेजारी-शेजारी तरंगत आहेत. एकमेकांच्या क्षीण ओढीनं ते, समजा, एका तासात एकमेकांना चिकटतात. आता हीच जोडी तुमच्यासमोरून गॅमा १० असलेल्या वेगानं, बरोबरीनं निघून जातेय. सापेक्षीय वस्तुमानानं ओढ वाढत असेल तर ते तासाच्या आत चिकटायला हवेत. प्रत्यक्षात? दगडांच्या घड्याळात अजूनही एक तासच लागणार, कारण त्यांच्या दृष्टीनं ते स्थिर आहेत. आणि धावतं घड्याळ तुम्हाला मंद दिसतं. म्हणजे तुमच्या घड्याळात त्यांना दहा तास लागतील. ओढ वाढायचं राहिलं बाजूला, परिणाम मंदावला.

हेच टोकाला नेलं की प्रकाश येतो. एकाच दिशेनं समांतर जाणारे दोन प्रकाशझोत एकमेकांना ओढत नाहीत, हे टोलमन, एरेनफेस्ट आणि पोडोल्स्की यांनी १९३१ मध्येच दाखवलं होतं. समोरासमोरून जाणारे झोत मात्र ओढतात.

आता उलटी बाजू. तुम्ही एका जागी थांबला आहात आणि एक जड तारा प्रकाशाच्या जवळच्या वेगानं शेजारून गेला. तुम्हाला जो झटका बसेल तो मोजून त्या ताऱ्याचं वस्तुमान काढायला गेलात, तर उत्तर गॅमापट न येता जवळजवळ गॅमाच्या दुप्पट येईल. हा दुपटीचा गुणक ओळखीचा वाटतो ना? सूर्याजवळून जाणारा प्रकाश न्यूटनच्या धर्तीवरच्या हिशेबापेक्षा दुप्पट वळतो, आणि १९१९ च्या सूर्यग्रहणात तेच तपासलं गेलं होतं. दोन्हींचं मूळ एकच आहे.

म्हणजे धावत्या वस्तूच्या हालचालीचा गुरुत्वाकर्षणावर परिणाम होतो. तो खोटा नाही. पण 'वस्तुमान गॅमापट झालं' या एका वाक्यात तो मावत नाही. बरोबरीनं जाणाऱ्याला एक अनुभव, थांबलेल्याला दुसरा. वेग फारच वाढवत नेला तर क्षेत्र धावण्याच्या दिशेला आडव्या अशा पातळ पत्र्यासारख्या थरात गोळा होतं. १९७१ मध्ये ऐशेलबुर्ग आणि सेक्सल यांनी या अवस्थेचं नेमकं गणित दिलं. ते क्षेत्र तीव्र असतं, झटका जोरदार बसतो, पण घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही ती कृष्णविवराची सीमा, तयार होत नाही.

पायरी ६ : गतीची ऊर्जा कधी धरायची ते शिका

इथवर आल्यावर नवशिक्यांचा लंबक दुसऱ्या टोकाला जातो: 'म्हणजे गतीचा कृष्णविवराशी संबंधच नाही!' तसंही नाही. नियम एवढाच आहे: संपूर्ण वस्तू एका दिशेनं धावत असेल तर ती गती धरायची नाही. वस्तूच्या आत भाग वेगवेगळ्या दिशांनी धावत असतील आणि त्यांचा एकूण संवेग शून्य असेल, तर ती ऊर्जा वस्तुमानातच मोजायची.

१ लिटर पाणी शून्य अंशापासून १०० अंशांपर्यंत तापवा. रेणूंची धावपळ वाढते आणि पाण्याचं वस्तुमान सुमारे ४.६ नॅनोग्रॅमनं वाढतं. कुठल्याही काट्यावर हे दिसणार नाही, पण आहे खरं. प्रोटॉनच्या बाबतीत तर कमालच आहे. त्याच्यातल्या क्वार्क नावाच्या तीन घटककणांचं स्वतःचं वस्तुमान प्रोटॉनच्या फक्त एक टक्क्याच्या आसपास भरतं. बाकी सगळं क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या आतल्या धुमाकुळाची ऊर्जा. तुमचं-माझं वजन ज्याला म्हणतो, ते बहुतांशी ही आतली ऊर्जाच आहे.

गणितात हे करायचं कसं? व्यवस्थेतल्या सगळ्या कणांचे संवेग दिशेसकट बेरजेला घ्या. ज्या चौकटीत ही बेरीज शून्य येते, तिथे उभं राहून एकूण ऊर्जा मोजा आणि तिला प्रकाशवेगाच्या वर्गानं भागा. हे त्या व्यवस्थेचं खरं वस्तुमान. श्वार्ट्झशिल्डच्या सूत्रात घालायचं ते हे.

किप थॉर्न यांनी १९७२ मध्ये दिलेला एक अंदाज इथे कामी येतो. एखाद्या वस्तूचं कृष्णविवर व्हायचं तर तिच्या श्वार्ट्झशिल्ड त्रिज्येच्या वर्तुळाएवढं कडं त्या वस्तूभोवती कुठल्याही दिशेनं फिरवता यायला हवं. एका दिशेनं चपटी झालेली वस्तू ही अट पुरी करत नाही, बाकीच्या दोन दिशांना ती पूर्वीइतकीच ऐसपैस असते. चपटी झालेली पृथ्वी आठवा: जाडी ०.०४ मिलिमीटर, रुंदी मात्र १२,७४२ किलोमीटरच.

पायरी ७ : टक्कर झाली तर?

आता प्रश्न खरोखर रंगतो. दोन वस्तू समोरासमोरून येऊन आदळल्या, तर एकूण संवेग शून्य करणाऱ्या चौकटीतही दोन्ही धावतच असतात. ही गती कुठल्याही चौकटीत जाऊन पुसता येत नाही. त्यामुळे टक्करीत कृष्णविवर तयार होऊ शकतं, निदान तत्त्वतः. २०१० मध्ये मॅथ्यू चॉप्टुइक आणि फ्रान्स प्रिटोरियस यांनी संगणकावर दोन काल्पनिक ताऱ्यांची अतिवेगवान टक्कर घडवली. वेग पुरेसा दिला तेव्हा कृष्णविवर निघालं. एकट्यानं धावताना त्याच ताऱ्यांना काही झालं नसतं.

सर्नचा कोलायडर सुरू होताना 'तिथे कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळेल' अशी हाकाटी झाली होती. तिचा हिशेब आता तुम्हीच करू शकता. दोन्ही प्रोटॉन समान ऊर्जेनं समोरासमोर येतात, म्हणून एकूण १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट पूर्ण कामी येतात. कणांच्या टक्करीतून कृष्णविवर व्हायला नेहमीच्या गुरुत्वाकर्षणात प्लांक ऊर्जेच्या आसपास जावं लागतं. प्लांक ऊर्जा म्हणजे सुमारे ५४० युनिट वीज, घराच्या बिलात सहज दिसणारा आकडा. फरक एवढाच, की ती सगळी दोन सूक्ष्म कणांच्या एका टक्करीत ओतायची! सर्नची टक्कर त्याहून सुमारे ९०० लाख कोटी पटींनी कमी पडते. अवकाशाला जादा मिती असतील तर ही मर्यादा खाली येऊ शकते, असं काही सिद्धांत म्हणत होते, म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्म कृष्णविवरांच्या खुणा शोधूनही पाहिल्या. सापडल्या नाहीत.

आणि तो १९९१ चा कण? त्याच्या ३२ कोटी टेराइलेक्ट्रॉनव्होल्टांपुढे सर्नचे १३.६ किस झाडकी पत्ती, असं वाटेल. पण तो हवेतल्या जवळजवळ थांबलेल्या अणुकेंद्रावर आदळतो. तिथल्या एका प्रोटॉनशी टक्कर धरली आणि एकूण संवेग शून्य असलेल्या चौकटीत गेलं, की कामी येणारी ऊर्जा उरते जेमतेम ७७५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट. रीत अशी: येणाऱ्या कणाची ऊर्जा गुणिले थांबलेल्या प्रोटॉनची ०.०००९३८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गुणिले २, आणि त्याचं वर्गमूळ. बाकी सगळी ऊर्जा टक्करीतून निघालेल्या कणांना पुढे पळवण्यात जाते. थांबलेल्या लक्ष्यावर मारा करणं किती फुकट जातं ते यातून दिसतं, आणि कोलायडरमध्ये दोन झोत समोरासमोर का आणतात तेही.

निसर्गात वेग आणि कृष्णविवरं खऱ्या अर्थानं एकत्र येतात ती दोन विवरं एकमेकांभोवती घिरट्या घालत विलीन होतात तेव्हा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं पहिल्यांदा टिपलेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) अशाच होत्या. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांची दोन विवरं, शेवटच्या क्षणी प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं फिरणारी. गॅमा लावून कुणी म्हणेल, विलीन झाल्यावर ६५ पेक्षा बरंच जास्त वस्तुमान झालं असेल. झालं ते ६२. कारण वेग बाहेरून कुणी दिला नव्हता. तो एकमेकांकडे घसरताना गुरुत्वीय ऊर्जेतूनच आला होता, आणि सुमारे ३ सूर्यांइतकी ऊर्जा लहरींवाटे निघून गेली. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेगळ्या कशा काढायच्या, याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करत होते. आता लायगोची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

पायरी ८ : विवरात पडणाऱ्या वस्तूचा जमाखर्च

शेवटची गल्लत इथे होते. 'विवरात पडताना वस्तूचा वेग प्रकाशाजवळ जातो, म्हणजे विवराचं वस्तुमान गॅमापटीनं वाढतं ना?'

खूप दूरवरून, स्थिर अवस्थेतून सोडलेला १ किलोचा दगड घ्या. विवराच्या त्रिज्येच्या चौपट अंतरावर तिथे थांबलेला निरीक्षक त्याचा वेग प्रकाशाच्या निम्मा मोजेल, आणि क्षितिजाच्या अगदी जवळचा निरीक्षक जवळजवळ पूर्ण प्रकाशवेग. तरी विवरात भर पडते १ किलोचीच, तीही लहरींवाटे गेलेली किंचित ऊर्जा वजा करून. मिळालेली गती ही उतारावरून घसरताना मिळालेली आहे, नवी कमाई नव्हे. पण तोच दगड दूरवरूनच ९९ टक्के प्रकाशवेगानं विवरावर फेकला, तर मोठ्या विवराच्या वस्तुमानात ७ किलोची भर पडेल. ती ऊर्जा बाहेरून आली आहे आणि विवराच्या चौकटीत मोजली आहे.

प्रकाश पडला तरी विवर जड होतं, त्याला स्थिर वस्तुमान नसलं तरी. प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं वस्तुमान बदलत असताना भोवतालचं अवकाश कसं असेल, याचं अचूक गणित १९४३ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी बनारसमध्ये दिलं, जयंत नारळीकरांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना. वैद्यांचं हे उत्तर आजही जगभर वापरात आहे. प्रकाशाची दिशा उलटी केली की तेच गणित प्रारण गिळणाऱ्या कृष्णविवराला लागू पडतं.

हात साफ करायला दोन उदाहरणं

पहिलं: वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर तयार होणारा म्यूऑन नावाचा अल्पायुषी सूक्ष्म कण घ्या, गॅमा २०. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. आपल्या घड्याळात तो किती जगेल, त्यात किती अंतर जाईल, आणि त्याच्या दृष्टीनं पृथ्वीची जाडी किती? त्यानं पृथ्वीच्या वस्तुमानाला २० नं गुणून त्रिज्या काढली तर किती येईल, आणि तो आकडा निरर्थक का?

दुसरं: आतून आरसे लावलेल्या हलक्या डब्यात प्रकाश कोंडला. डबा जड होईल का? तोच प्रकाश एका झोतात सरळ पाठवला तर त्या झोताला वस्तुमान असेल का?

उत्तरं: म्यूऑन आपल्या घड्याळात ४४ मायक्रोसेकंद जगतो आणि सुमारे १३ किलोमीटर जातो. त्याच्यासाठी पृथ्वी ६३७ किलोमीटर जाडीची असते. वस्तुमान गुणून काढलेली त्रिज्या १८ सेंटिमीटर येते, पण श्वार्ट्झशिल्डचं सूत्र स्थिर गोलाचं आहे आणि म्यूऑनच्या चौकटीत पृथ्वी स्थिर नाही. डबा जड होतो, कारण आतला प्रकाश सगळ्या दिशांनी उसळतो आणि त्याच्या संवेगाची बेरीज शून्य येते. एकाच दिशेच्या झोताला मात्र संवेग शून्य होईल अशी चौकटच सापडत नाही, आणि त्याचं वस्तुमान शून्य राहतं.